आईने कोळ्यांना दिलेली नावे

धार संस्थानातल्या मराठी मंडळींनो, वाचनालयाच्या या फळ्यापाशी आपण रोज एकच तक्रार करतो: मुले मराठी विसरत चालली. आज सकाळी कळले, मीही विसरतो आहे.

आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या, माळवी बोलणाऱ्या गंगूबाईंनी भिंतीवरच्या मोठ्या कोळ्यावर केरसुणी उगारली. मी आडवा गेलो.

"हटो दादासाब! मकड़ी मूत गई तो मूंडा पे छाला पड़ी जायगा!"

"कोळी मुतल्याने काही तोंडावर फोड येत नाहीत. पोटाशी ती पांढरी, चपटी पिशवी बघा. अंडी आहेत त्यात. ही लेकुरवाळी!"

"मकड़ी का भी नाम होय कई?"

होय! माझ्या आईने घरातल्या सगळ्या कोळ्यांना नावे दिली होती. जाळे न विणता भिंतीवर धावते ती लेकुरवाळी. खिडकीत उडी घालून माशी धरतो, तो इवलासा पहिलवान. आई पोळी लाटता लाटता लाटण्यानेच दाखवायची आणि मी नाव ओरडायचो.

गंगूबाईंनी केरसुणी कोपऱ्याकडे वळवली. "अने यो?"

तिथे केसासारख्या लांब पायांचा कोळी जाळ्यात उलटा लटकला होता. फुंकर घातली की सगळे अंग थरथरवतो, तो. मी तोंड उघडले आणि नाव आलेच नाही. आई आता नाही. विचारू कोणाला?

तुम्हालाच विचारतो. इथे दोरीला पेन्सिल बांधली आहे. त्या थरथऱ्या कोळ्याला तुमची आई काय म्हणायची, ते या कागदावर खाली लिहून मगच घरी जा.