रक्त जातंय कुठे

आत्या कोट शिवते. अडुसष्टाव्या वर्षीही सुईत दोरा तिचा तीच ओवायची. तिच्या जिभेमुळे गल्लीत तिला ‘कात्री’ म्हणत. त्या सुमारास चार घास पोटात गेले की तिला धाप लागू लागली. वाकून कापड बेतायला घेतलं की छातीत दाटायचं. तपासलं तर रक्त फार कमी. जवळच्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळ्या चालू असेपर्यंत रक्त वाढे, बंद केल्या की उतरे.

चौथ्यांदा तीच चिठ्ठी हाती आली, तेव्हा आत्याने ती टेबलावर परत सरकवली.

“वयानुसार होतं असं, आजी,” डॉक्टर म्हणाले.

“आजी तुमच्या घरी. भरलेलं रक्त जातंय कुठे, ते शोधा. तोवर मी इथून हलत नाही.”

बाहेरची रांग चुळबुळू लागली. शेवटी त्यांनी मोठ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहून दिली.

तिथे दुर्बिणीतून तपासलं, स्कॅन काढला. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याचं भोक रुंदावलं होतं. निम्म्याहून अधिक जठर त्यातून वर छातीत चढलं होतं. भोकाच्या काठाशी घासून जठराला आतून ओरखडे पडले होते. रक्त तिथूनच झिरपत होतं.

“जठराला पीळ पडला तर जिवावर बेतेल,” सर्जन सोबत आलेल्या माझ्या बाबांकडे बघत म्हणाले. “त्याआधी शस्त्रक्रिया केलेली बरी. पण या वयात धोका आहेच. घरच्यांनी ठरवा.”

“नको,” बाबा म्हणाले. “पातळ काहीतरी खाऊन राहील ती.”

“पातळ तू खा, दादा. आणि डॉक्टर, जठर माझं आहे. माझ्याशी बोला.”

सर्जनांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. भोक कसं बुजवणार, तिने विचारलं. जठर खाली घेऊन टाके घालणार, ते म्हणाले.

“ताणून शिवू नका. ताणलेली शिवण उसवते.”

“आम्हालाही तीच भीती असते. काहींचं जठर काही वर्षांनी पुन्हा वर सरकतं.”

 तिने बाबांपुढचा संमतीचा कागद ओढून घेतला आणि सही केली. बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. शस्त्रक्रियेच्या दिवशी मात्र चार तास दाराबाहेर उभे होते.

त्याला वर्ष झालं. रक्त आता गोळ्यांशिवाय टिकून आहे. जठर पुन्हा वर सरकलं तर, असं मी परवा तिला विचारलं. ती शिलाई मशीनवर होती.

“होईल तेव्हा बघू. तू आधी बाजूला हो, उजेड अडवतेस.”