अँपमधली ज्वारी
नव्या ज्वारीचं पोतं उघडलं की त्या वासानं मला आमच्या नगरच्या चर्चमधला गिटारचा अँप, म्हणजे आवाज मोठा करणारा स्पीकरचा खोका, आठवतो. एका वर्षी कापणीच्या सणानंतर जाड तार छेडली की तो खरखरायला लागला. "लई जुना झालाय, नवाच घेऊ," चर्चचे पंच म्हणाले. मी केबल बदलली, दुसरी गिटार लावली, खरखर तीच. मग बंद करून नुसता हलवला, तर आत काहीतरी खुळखुळलं. "काका, याला काहीसुद्धा झालेलं नाही," म्हणत मी तो उलटा केला, आणि मागच्या उघड्या बाजूनं ओंजळभर ज्वारी सांडली. सणाला वाहिलेली कणसं पंचांनीच त्याच्यावर रचली होती. दाणे वेचत ते म्हणाले, "मग कणसं ठेवायला नवं टेबलच घेऊ." टेबल अजून आलेलं नाही, दर सणानंतर मी आधी अँप उलटा करतो, मगच वाजवायला बसतो.