मेढ्याचा अर्धा डाव

परवा सांगलीत नातीसाठी बुद्धिबळ घ्यायला गेले, तर विकणाऱ्या मुलीला उंट कुठला आणि वजीर कुठला ते सांगता येईना. मी जाम चिडले. घरी येईपर्यंत साताऱ्याचं ते दुकान डोक्यातून जाईना.

फौजेतून निवृत्त झालेल्या हवालदाराचं दुकान होतं ते. आम्ही त्यांना काका म्हणायचो. आत शिरलं की बोरिक पावडरीचा आणि लाकडाच्या पॉलिशचा वास यायचा. कॅरम, सोंगट्या, सापशिडी असं सगळं मिळायचं, पण काकांचं मन विक्रीत नसायचंच. रजेवर आलेला जवान दिसला की ते बुद्धिबळाचा पट मांडायचे. त्याला पांढरी, स्वतःला काळी.

रजा संपली की चालू डाव पुरा करायचा नाही, हा त्यांचा दंडक होता. पट तसाच फळीवर ठेवायचा, वर फडकं घालायचं आणि फडक्याला चिठ्ठी टाचायची. चिठ्ठीवर फक्त गाव. माणसाचं नाव लिहिलं की नजर लागते म्हणे. तो माणूस परत येईपर्यंत फडकं उचलायचं नाही. "डाव अर्धा हाय तवर मानूस येतुयाच," काका म्हणायचे. पाच-सहा फडकी फळ्यांवर ओळीनं असायची, प्रेतं झाकल्यासारखी. मला ती बघवत नसत, तरी नजर तिकडेच जायची.

आम्ही मेढ्याचे. मी साताऱ्यात कॉलेजला होते आणि थोरला भाऊ पलटणीत. एकाहत्तर साली दादा सीमेवर गेला तोही डाव अर्धा ठेवून. माझी परीक्षा होती म्हणून मी त्या दिवशी दुकानात नव्हते. मग लढाई सुरू झाली आणि दादाची पत्रं थांबली. मी रोज दुकानात जाऊन फळ्यांसमोरच्या खुर्चीवर बसायची. खालच्या फळीवर 'मेढा' अशी चिठ्ठी होती, तिच्याकडे बघत.

एका दुपारी काका आत जेवायला गेले आणि मी फडकं उचललं. फक्त बघायचं होतं. पण पांढरीची अशी देखणी खेळी दिसली की हात आवरला नाही. घोड्यानं शह दिला, काळ्याचा राजा हलवला, वजीर आणून मात केली. दादाला जिंकवलं म्हणून क्षणभर आनंद झाला. काळा राजा आडवा केला आणि मग लक्षात आलं, डाव संपला. आतून पावलं वाजली. मी पटावर फडकं टाकून पळाले.

पुढचे तीन आठवडे मी कशी जगले ते माझं मला ठाऊक. पोस्टमन दिसला की मी वाट बदलायची. दादाला काही झालं तर ते माझ्या हातानं झालं, हे मनात पक्कं बसलं होतं.

दादा आला. धडधाकट, मिशा वाढवलेला. मला घेऊन थेट दुकानात गेला आणि वरच्या फळीवरचं फडकं उचललं. त्यालाही 'मेढा' हीच चिठ्ठी, भिंतीकडच्या बाजूला टाचलेली; मला ती कधी दिसलीच नव्हती. डाव अर्धाच होता.

मी रडले. सगळ्यांना वाटलं, भावाच्या मायेनं. पण खालच्या फळीवरचं फडकं तसंच होतं, आणि मेढ्याहून गेलेला तो दुसरा कोण, हे विचारायची मला हिंमत झाली नाही.

चार दिवसांनी एक म्हातारा आला. मेढ्याच्याच एका वाडीतला. मुलगा गेल्याची तार आली होती. "आवं, पोरगं सांगून गेल्तं, डाव अर्धा ठिवलाय म्हनून. तेवढा बघू द्या."

काकांनी फडकं उचललं आणि उचललेला हात तसाच राहिला.

"काय झालं?" म्हातारा म्हणाला.

"जिंकलाय तुमचा पोरगा," काका कसेबसे म्हणाले. "हितं कुनी हात लावत न्हाई."

"मग त्योच यिऊन गेला म्हनायचं." म्हाताऱ्यानं हात जोडले. मग माझ्याकडे वळला. "पोरी, तू हितंच बसतीस न्हवं? तुला दिसला का गं?"

खरं सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. "व्हय. एका दुपारी पाठमोरं कुनीतरी बसल्यालं दिसलं."

म्हाताऱ्याचा चेहरा निवळला. तेवढ्यात काका पटाकडे बघत हळूच म्हणाले, "मलाबी दिसला. जेवून भाईर आलो तवा. हितंच बसला हुता, हसत."

त्या खुर्चीवर मीच बसले होते, आणि काका बाहेर यायच्या आत पळाले होते. मी खोटं बोलले होते. काकांना खोटं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.