बुडालेल्या शेताचा आडोसा

देविदासकाकांना नावाडी म्हटलेलं खपत नाही. विष्णुपुरी धरणाच्या पाण्याखाली चार एकर काळी जमीन गेली, तरी हा माणूस अजून स्वतःला शेतकरीच म्हणवतो. पहिल्या वर्षी त्यांनी नावसुद्धा बैलासारखी आखूड दाव्यानं खुंट्याला बांधली होती. एका रात्रीत पाणी चढलं, दावं ताणलं आणि सकाळी नाव नाक खुपसून बुडालेली. सगळं गाव हसलं. मीही हसले, खोटं कशाला बोलू?

मागच्या वैशाखात आम्ही धरणाच्या पाण्यानं बेट झालेल्या आमच्या वावरात उन्हाळी तीळ काढत होतो. पेंढी उचलताना माझी जाऊ महादेवी किंचाळली. घोणस होती, उजव्या हाताच्या मधल्या बोटाला चावली होती. तिचा नवरा व्यंकट, म्हणजे माझे दीर, नुसते तिला हाका मारत राहिले. काकांनी तिचा हात फळीवर ठेवून सैल बांधला, तिला नावेत आडवं केलं आणि इंजिन चालू केलं. मी फोन करून पलीकडच्या काठावर जीप बोलावली. दवाखाना त्याच काठाला होता, पण मध्ये पाऊण तासाचं पाणी होतं.

अर्ध्या वाटेत वळवाचं आभाळ खाली आलं. उगवतीकडून असा वारा सुटला की लाटा थेट नावेत येऊ लागल्या. मी घमेल्यानं पाणी उपसत होते. जवळच महादेवाचं बेट होतं. त्याच्या पायऱ्यांशी सगळे नावा लावतात, नारळ फोडतात, आणि देव सांभाळतो म्हणतात.

"काका, देवाच्या पायऱ्यांना लावा," मी म्हटलं.

"वारा तिथंच शिरून राहिलाय. फळकुटं होतील आपली."

"कुठंच लावू नका," भावजी ओरडले. "सरळ काठ गाठा. हात बघा तिचा, काळा पडून राहिला."

"मधी उलटलो तर ती बी जाईल अन् आपण बी."

काकांनी बेटाला वळसा घातला. मावळतीच्या अंगाला पाणी जिथं आत शिरलंय, तिथं वारा अडतो, तरी कुणी जात नाही. खाली बाभळींची खोडं उभी आहेत, एक लागलं तरी नावेचा तळ फाटतो. पण ते बुडालेलं वावर काकांचंच. इंजिन मंद करून ते स्वतःशी बोलू लागले, "इथं विहीर. डाव्या अंगाला बांध. आता बाभळी सरल्या." मग दोराला बांधलेला मोठा दगड त्यांनी पाण्यात सोडला आणि सगळा दोर ढिला केला. नाव मागे मागे जाऊ लागली.

भावजींनी दोर धरला. "लांब चाललो की. आखूड करा."

"सोड, व्यंकटा. आखूड धरलं की झटक्यानं दगड उपटतंय. एक नाव घालवून शिकलोय मी."

दगड काळ्या चिखलात रुतला. नावेनं वाऱ्याकडे तोंड केलं आणि थांबली.

अर्धा तास आम्ही तिथं होतो. महादेवीच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. भावजी काकांना नाही नाही ते बोलले. मला मात्र काकांची भीती वाटली. हा माणूस आपला जीव वाचवायला माझ्या जावेचा जीव घेतोय, असंच मला वाटलं.

वारा पडला तसा काकांनी दगड ओढून घेतला आणि काठ गाठला. महादेवी वाचली. अकरा दिवस दवाखान्यात होती. बोट कापावं लागलं. अर्धा तास आधी आणली असती तर कदाचित बोट वाचलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. भावजींनी ते वाक्य गावभर केलं. काकांचं जेवण तुटलं, एवढंच काकू सांगायच्या.

मृगाच्या पेरणीला भावजींनी दुसऱ्याची नाव ठरवली. महादेवी बियाण्याची पिशवी घेऊन त्यांच्या देखत पुढे गेली आणि काकांच्या नावेत बसली.

काकांना तिच्या हाताकडे बघवेना. "माझ्यामुळं गेलं गं माय."

"चार हायत की अजून," ती म्हणाली. "चला, वाफसा जाईल."

काकांनी इंजिनची दोरी हातात घेतली, पण त्यांच्यानं ती ओढवेना. मग तिनंच ती घेतली आणि त्या चार बोटांनी ओढली.