हात खाली ठेवून केलेला स्कॅन

गेल्या मार्चमध्ये, एका मंगळवारी सकाळी, धुळ्यातल्या एका खासगी सेंटरच्या सीटी स्कॅन यंत्राचा डोस, म्हणजे ते किती किरण सोडतं ते, मी मोजला. दोन वर्षांपूर्वी आईच्या पोटाचा शेवटचा स्कॅन याच यंत्रावर झाला होता. त्याआधीच्या तपासणीत यंत्र ठीक असल्याचा शेरा माझाच होता.

स्कॅनच्या दिवशी मी अमळनेरला दुसरं यंत्र मोजत होतो. आईला माझी धाकटी बहीण घेऊन गेली. पुढे आई गेल्यावर जळगावच्या घरी तिची फाईल आवरताना मी त्या स्कॅनच्या सीडीतलं शेवटचं पान उघडलं. त्यावर तिचं नाव, वेळ, वय पासष्ट आणि यंत्रानं नोंदवलेला डोस होता. जन्मतारीख तिला माहीत नव्हती. सहा वर्षं ती प्रत्येक दवाखान्यात पासष्टच सांगायची. डोस तिच्या किडकिडीत अंगाच्या मानानं जास्त होता. यंत्र चुकलं असेल, तर ती चूक मीच पास केली होती. ते पान मी पुन्हा पुन्हा उघडलं. आकडा पाठ झाल्यावरही उघडत राहिलो.

मोजण्याचं काम नेहमीचंच. टेबलावर माणसाच्या जागी ॲक्रिलिकची जाड, गोल तबकडी ठेवायची. तिला फँटम म्हणतात. मधोमध एक भोक, कडेला चार. भोकात पेन्सिलीएवढं मोजणीचं साधन सरकवायचं, बाहेर येऊन किरण सोडायचे, आकडा लिहायचा, पुढचं भोक.

"हाऊ पेशंट चांगला शे भाऊ," तंत्रज्ञ काचेआडून म्हणाला. "श्वास धरा सांगानं काम नही, संगे नातेवाईक बी नहीत."

"रिपोर्ट कधी मिळेल, असंही विचारत नाही," मी म्हणालो.

पडद्यावरचा आकडा आणि माझा आकडा यांतला फरक मान्य मर्यादेत होता. मी पाचही जागा पुन्हा मोजल्या. फरक तेवढाच.

मग मी त्याला आईचा स्कॅन काढायला सांगितला. नाव टाइप करता करता तो थांबला.

"त्या माय तुमच्या आई? मला चांगलंच ऐकवलं होतं त्यांनी. हात डोक्याच्या वर घ्या म्हटलं, तर म्हणे, 'डोकावरना पदर पडी जाई ना भो.' दोन्ही हातांनी धरूनच ठेवला. परत सांगितलं तर म्हणे, 'मना आंडोरनी हाई मशीन तपासेल शे. तू बटन दाब.'"

आमच्याकडे मुलाला आंडोर म्हणतात. माझ्या कामाबद्दल तिनं मला कधी काही विचारलं नव्हतं.

हात खाली राहिले, की किरणांच्या वाटेतली जाडी वाढते आणि यंत्र आपोआप किरण वाढवतं. जास्त आकड्याचं कारण तेवढंच होतं.

स्कॅन सुरू करण्याआधी जागा ठरवायला एक लांबट चित्र घेतात, छातीपासून मांडीपर्यंतचं. सीडीत ते नव्हतं. सेंटरच्या साठवणीत होतं. त्यानं ते उघडलं. मी मोठं करायला सांगितलं. कोपरं बरगड्यांना चिकटलेली होती. मनगटांवर काचेच्या बांगड्यांच्या पुसट कडा होत्या. दोन्ही मुठी छातीवर मिटलेल्या होत्या. कापड या चित्रात उमटत नाही. मुठींमध्ये काही दिसत नव्हतं.