व्याह्यांच्या अंगणात बसलेली गाडी

मी आयुष्यात एकदाच माणसाचा चेहरा बघून गाडी घेतली आहे. चेहरा ठाण्यातल्या एका डॉक्टरांचा होता. गाडी काळी, जर्मन आणि नऊ वर्षं जुनी होती.

कारण आमची लेक प्राची. मानकोलीच्या एका गोदामाच्या ऑफिसात ती कामाला आहे. तिथल्याच एका मुलाशी तिने स्वतःचं लग्न ठरवलं आणि मग आम्हाला कळवलं. मुलगा वज्रेश्वरीच्या पुढच्या गावातला, घरची भातशेती. आता आम्ही त्यांच्या घरी जाऊन तारीख काढायची होती. माझ्याकडे होती जुनी छोटी गाडी, जिचा मागचा दरवाजा फक्त बाहेरून उघडायचा. व्याह्यांच्या दारात मी उतरून बायकोसाठी दार उघडणार, आणि त्यांना वाटणार मी ड्रायव्हर.

"त्यांना मुलगी बघायची आहे, गाडी नाही," बायको म्हणाली. तिचं नाव वैशाली, आणि ती बहुतेक वेळा बरोबर असते. "आणि घ्यायचीच असेल तर सलीमभाईला घेऊन जा."

सलीमभाई आमचा मेकॅनिक. पण डॉक्टरांच्या दारात मेकॅनिक घेऊन जायचं म्हणजे त्यांच्यावर संशय घेतल्यासारखं. (पुढे कळलं, लोक नेमके त्यासाठीच मेकॅनिक नेतात.) मी एकटाच गेलो. कपबशीतून चहा आला. मी सीटवर बसून पाहिलं, गाणं लावून पाहिलं, छप्पर उघडून पाहिलं. तपासणी संपली. स्टिअरिंगमागे, मीटरच्या काचेखाली एक पिवळा दिवा लागलेला होता.

"सेन्सर आहे हो तो," डॉक्टर म्हणाले. "जरा हळवा असतो."

मलाही हळवं वाटलं. सर्व्हिसचे कागद मुलाकडे पुण्याला राहिलेत म्हणाले, त्यावरही मी मान डोलावली.

चार दिवस गाडी भिवंडीत आमच्या दारात दिमाखात उभी. फक्त रोज सकाळी वैशाली गॅलरीतून म्हणायची, "ही संध्याकाळी उंच असते आणि सकाळी बुटकी होते. असं कसं?"

"महागड्या गाड्या जमिनीलगतच असतात," मी माहिती दिली.

रविवारी आम्ही तिघं निघालो. मी पांढरा शर्ट, पांढरी पँट. शेणाने सारवलेल्या स्वच्छ अंगणात मी गाडी अगदी मधोमध लावली, म्हणजे ओटीवरून दिसावी. व्याही, त्यांना सगळे आप्पा म्हणतात, हात जोडून पुढे आले. बोलले मात्र फारच कमी. खुर्चीच्या कडेवर बसले होते. मला वाटलं, स्थळ पसंत नसावं. त्या काळजीत मी तांदळाच्या पाच भाकऱ्या खाल्ल्या.

हात धुवायला उठलो तेवढ्यात आप्पांची आई अंगणातून म्हणाली, "अरे, कोंबडी वरडते. दिसत मात्र न्हाय."

आवाज गाडीतून येत होता. आणि गाडी बसली होती. चारही चाकं कमानींच्या आत गेलेली, पोट जमिनीला टेकायला आलेलं. सावलीला खाली गेलेली कोंबडी आतच अडकली होती. मी घाईने इंजिन चालू केलं. कण्हल्यासारखा आवाज झाला, पुढची उजवी बाजू वीतभर उचलली आणि बाकीच्या तिघींनी नकार दिला. म्हैस उठताना मध्येच विचार बदलते, तशी गाडी तिरकी थांबली.

"गाडी थकली असंल," आप्पा गंभीरपणे म्हणाले. आणि स्वतःच्या धुतलेल्या कपड्यांची पर्वा न करता ते पालथे पडले. मुलीचा बाप उभा कसा राहणार? मीही शेजारी पालथा पडलो. उचललेल्या बाजूने आम्ही दोघांनी हात आत घातले. कोंबडी एकदा त्यांना टोचली, दोनदा मला.

तिथे पडल्या पडल्या आप्पा हळूच म्हणाले, "एक सांगू? पोरानं सकाळीच सांगितलेलं, मोठी गाडी हाय तुमची. एवढ्या गाडीतनं माणसं येणार, आमच्या घरात जेवतील का न्हाय, हाच घोर."

"आप्पा, जुनी आहे ती. तुमच्यासाठीच घेतली. आम्हीही साधेच आहोत."

आप्पा हसायला लागले. जमिनीवर पालथं पडून हसता येत नाही, तरी ते हसले. मग मीही. ओटीवरून बायकांना फक्त चार पाय हलताना दिसत होते. वैशाली धावत आली तेव्हा कोंबडी बाहेर निघाली होती आणि लग्नाची तारीखही.

घरी आम्ही आप्पांच्या भाजीच्या टेम्पोतून आलो. वैशाली आणि प्राची पुढे, मी मागे काकड्यांबरोबर. गाडी दुसऱ्या दिवशी क्रेनवरून सलीमभाईकडे पोचली.

"सेठ, इसमें स्प्रिंग नहीं, हवा के फुगे हैं," तो म्हणाला. "चारों लीक. घेण्याआधी तासभर बंद करून उभी ठेवायची होती. बसली, की आपण उठायचं."

"आणि तो पिवळा दिवा? डॉक्टर म्हणाले, सेन्सर आहे."

"वो यही बोल रहा था. सेन्सर कसला, सरळ तक्रार होती ती."

नवे फुगे घालायचे तर त्या खर्चात एक छोटी गाडी आली असती. शेवटी त्याने फुगे काढून साध्या स्प्रिंगा बसवल्या. आता ती बसत नाही. आतले लोक मात्र प्रत्येक खड्ड्याला उठतात. आणि भिवंडीत खड्डे किती, हे मी सांगायला नको. प्राचीने तिच्यातून लग्नाची वरात काढायला स्पष्ट नकार दिला.

एक मात्र झालं. या भागात जुनी मोठी गाडी घेणारा माणूस आता आधी मला विचारतो. मीही मनापासून सांगतो: इंजिन थंड असताना चालू करून बघा, सर्व्हिसचे कागद मागा, स्वतःचा मेकॅनिक न्या. परवा एकाने सगळं वहीत नीट लिहून घेतलं. निघताना आदराने म्हणाला, "दादा, तुमचा गाड्यांचा धंदा आहे का?"

मी म्हणालो, "नाही. अनुभव आहे."

तो गेल्यावर वैशाली म्हणाली, "हो, आणि सलीमभाईला नेलं असतं, तर तो सुद्धा सेकंडहँड मिळाला असता."