गोंद लावलेला चुंबक

भोंगेवाले मामांनी मला फुटका चुंबक अखंड म्हणून विकला. आखाडा बाळापूरच्या बाजारात त्यांचं भोंगे आणि स्पीकर दुरुस्तीचं दुकान होतं. शेजारच्या गल्लीत माझी हळद-मिरचीची गिरणी आहे.

मामांना चुंबकाचं वेड होतं. जळका स्पीकर आला की आधी त्याची काळी चकती काढून घेत आणि गिऱ्हाइकाला विसरून तिला खिळे चिकटवत बसत. दुकानाच्या लोखंडी दारावर अशा चकत्यांची रांग असे. त्यांना पान्हे, चाव्या, घरून आलेला पत्र्याचा डबा, सगळं लटकत असे.

गिरणी टाकली तेव्हा हळकुंडांबरोबर खिळे आणि तारा आत जायच्या, जाळी फाटायची. ते अडवायला गिरणीच्या तोंडाशी बसवायचा चकचकीत चुंबक आणायला मी निघाले, तर मामांनी हटकलं. "ते काहून घेऊन राहिल्या, बाई? जोर लई, पण गिरणीच्या तापात नरम पडते. मुलामा गेला की गंजते. हे काळं म्हणजे गंजाचीच भुकटी, भट्टीत भाजलेली. त्याला आणखी कोणता गंज चढणार?"

"ह्यात खोट काय?" मी विचारलं. खोट विचारल्याशिवाय मी वस्तू घेत नाही.

"मडक्याचं भावंड हाय. पडलं की फुटलं. आन् फुटले तुकडे जागेवर बसवाया गेलं, तर एकमेकाला ढकलतेत."

मी काळी चकती घेतली. ती उत्तम निघाली, हे मी नाकारत नाही. मी घासाघीस केली की ते हसत, "तुमी भाव न्हाई करत, कातडं सोलता," म्हणत आणि चहा मागवत. माझी गिरणी कोणाला ठाऊक नव्हती तेव्हा बाजाराच्या दिवशी त्यांनी आपणहून भोंगा लावला होता. "बाईची गिरणी चालू झाली हो, हळद घेऊन या." शिरड शहापूरच्या काकू तो आवाज ऐकूनच पहिल्यांदा आल्या.

साफ करताना ती चकती पडून फुटली. मामांनी दुसरी दाखवली, ताज्या काळ्या रंगाची. मी मडकं असो की नारळ, वाजवून घेते. त्या दिवशी मामांनी चकती दारावरून काढलीच नाही. "ओढून बघा की जोर," म्हणाले. ओढली, जोर होता. वाजवली, तर बद्द वाजली. लोखंडाला धरून बसलेली चकती, अखंड असो की फुटकी, बद्दच वाजते. मामांना ते ठाऊक होतं.

पुढे काकूंच्या लेकीची हळद माझ्या गिरणीत दळली. नवरीला लावताना तिच्या गालावर ओरखडा उठला. काकूंनी उरलेली हळद गिऱ्हाइकांदेखत माझ्यापुढे ओतली. पिवळ्यात काळे खडे होते. "लेकराचं तोंड खरवडलं, बाई. हळद दळता का काच?"

मी चुंबक काढून पाहिला. एक टवका गायब, आणि रंगाखाली वाळलेला गोंद. तापाने चुंबकाला काही झालं नव्हतं, गोंद सुटला होता. टवका गिरणीत जाऊन भरडला गेला होता.

चकती घेऊन मी दुकानात गेले. मामांनी ती उलटसुलट पाहिली. "गोंद पक्का होता, बाई."

"मी गोंद मागितला होता?"

"दुसरी देतो. फुकट न्या."

"तुमची दुसरी तुमच्यापाशी ठेवा. शिरडला चला, काकूंसमोर बोला."

"म्हाताऱ्याला चार लोकांत उभं करून राहिल्या तुमी?" एवढंच बोलून ते दुसऱ्याच्या स्पीकरवर वाकले.

थोड्याच दिवसांत दुकान बंद झालं. मामा लेकीकडे साखऱ्याला गेले, भोंगाही घेऊन गेले. काकू माझ्या दारावरून दुसऱ्या गिरणीत जातात, मान वळवत नाहीत. मी आजही काळाच चुंबक वापरते, पण दोरीला टांगून वाजवते.

मामा, साखरा काही लांब नाही. ज्या भोंग्याने माझं नाव केलं तो घेऊन शिरडला या, आणि काकूंच्या दारात त्याच आवाजात सांगा की खडा बाईच्या हळदीत नव्हता, माझ्या चुंबकात होता. कधी येता, तेवढं बोला.